इंटिरिअर डिझाइनची पदवी : चार वर्षे कशासाठी द्यायची?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : मुलगी वाणिज्य शाखेतून बारावी उत्तीर्ण झाली आहे, इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत तिला चांगली श्रेणी मिळाली आहे आणि तिला इंटिरिअर डिझाइन शिकायचे आहे. नातेवाइकांचे म्हणणे असे की, पुण्यात वर्षभराचा डिप्लोमा करून मुले कामाला लागतात, मग विद्यापीठाच्या चार वर्षांच्या पदवीसाठी एवढा पैसा आणि एवढा काळ का घालवायचा? गणित सोडलेल्या मुलीला हे झेपेल का आणि साइटवर सुतार-गवंड्यांकडून काम करून घेणे तिला जमेल का, हेही आपण विचारले आहे. मी गेली सव्वीस वर्षे पुण्यात हा व्यवसाय करते आहे आणि त्यांतील चौदा वर्षे पदवीच्या विद्यार्थ्यांना आठवड्यातून दोन दिवस शिकवते आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी पाहून सविस्तर उत्तर देते.

माझे मत आधीच सांगून टाकते. आपली ऐपत असेल आणि मुलीची ओढ खरी असेल, तर पदवी करावी. मात्र ती अशा महाविद्यालयात करावी, जिथे पहिली दोन वर्षे मुलांच्या हातात टेप, पेन्सिल आणि करवत असते. जिथे पहिल्याच सत्रात संगणकावर चकचकीत चित्रे काढायला लावतात, तिथे चार वर्षे घालवण्यापेक्षा एखादा चांगला डिप्लोमा करून लवकर साइटवर गेलेले बरे. या विषयाचा गाभा मोजमाप, साहित्य आणि माणसांची राहणी या तीन गोष्टींत आहे. रंगसंगती आणि सजावट त्यानंतर येतात, आणि पाया पक्का असेल तर त्या पुष्कळशा आपोआप जमतात.

आता नावांचा गोंधळ दूर करू, कारण प्रवेशाच्या वेळी पालकांची सर्वाधिक फसगत इथे होते. आर्किटेक्चरची पदवी पाच वर्षांची असते, तिच्यासाठी नाटासारखी प्रवेश परीक्षा आणि बारावीला गणित लागते. ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने संरक्षित आहे, म्हणजे आर्किटेक्चर कौन्सिलकडे नोंदणी नसलेल्या माणसाला ती लावता येत नाही. इंटिरिअर डिझायनरसाठी असा कायदा नाही आणि सक्तीची नोंदणीही नाही. १९७२ मध्येच स्थापन झालेली इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरिअर डिझायनर्स ही व्यावसायिकांची संस्था आहे; तिचे सभासदत्व उपयोगाचे असले तरी व्यवसाय करण्याचा परवाना म्हणून त्याची गरज नसते. आपल्या नातेवाइकांचे म्हणणे इथे अर्धे खरे आहे : डिप्लोमा केलेला माणूसही उद्या पाटी लावू शकतो, आणि काहीही न शिकलेला माणूसही लावू शकतो. नेमके याच कारणाने शिक्षणाची जबाबदारी वाढते. कायदा जिथे गाळणी लावत नाही, तिथे चूक थेट ग्राहकाच्या घरात जाऊन बसते.

दुसरी गोष्ट पदवीच्या वैधतेची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. एखादी खासगी संस्था ‘डिग्री प्रोग्रॅम’ असे छापत असेल, तर प्रमाणपत्रावर कोणत्या विद्यापीठाचे नाव येणार हे लेखी विचारा आणि त्या विद्यापीठाचे नाव आयोगाच्या यादीत पाहून घ्या. पुढे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे असेल, परदेशी जायचे असेल किंवा कधी स्वतः शिकवायचे असेल, तर या एका कागदावर सगळे अडते. माझ्या एका अतिशय हुशार विद्यार्थिनीच्या आधीच्या तीन वर्षांच्या शिक्षणाला असे विद्यापीठच नव्हते. तिला पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागली. तिच्या वडिलांनी शेतीवर काढलेले कर्ज त्या तीन वर्षांत गेले होते, हे मला अजून आठवते.

पदव्यांची नावे वेगवेगळी असतात. बी.डेस., म्हणजे बॅचलर ऑफ डिझाइन, चार वर्षांची असते, बी.एस्सी. इंटिरिअर डिझाइन काही ठिकाणी तीन वर्षांची असते; कलाशिक्षणाच्या बाजूने आलेली पदवी बी.एफ.ए. म्हणून मिळते. या नावांमागे एक इतिहास आहे आणि तो कळला की महाविद्यालयाचा कलही कळतो. आपल्याकडे हा विषय तीन दारांनी विद्यापीठात आला. पहिले दार कलाशाळेचे : मुंबईची सर ज. जी. कलाशाळा १८५७ ची आणि तिथे अंतर्गत सजावटीचा विभाग चित्रकला, शिल्पकला, वस्त्रकला, मृत्तिकाकला यांच्या शेजारी वाढला. दुसरे दार गृहविज्ञानाचे : महिला महाविद्यालयांतून घराचे व्यवस्थापन, साधनसामग्री, स्वयंपाकघरातील श्रम यांचा अभ्यास करता करता गृहरचना हा विषय आला. तिसरे दार वास्तुकलेचे : अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाची सुरुवात १९६२ मध्ये बाळकृष्ण दोशी यांच्या पुढाकाराने आर्किटेक्चरच्या शाळेने झाली आणि १९९१ मध्ये तिथे इंटिरिअर डिझाइनची स्वतंत्र शाळा उभी राहिली. मुंबईत प्रभादेवीला रचना संसद या संस्थेतही आर्किटेक्चर आणि इंटिरिअर शेजारी शेजारी शिकवले जाते. अहमदाबादचीच १९६१ ची राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, फर्निचरच्या वाटेने या विषयाकडे येते. तिथे लाकूड, धातू आणि वेत हातात घेऊन काम करण्याला मोठे स्थान आहे. मुंबईच्या आयआयटीचा बी.डेस. अभ्यासक्रम इंटिरिअरचा नाही, हेही लक्षात ठेवा. ती संस्था घेत असलेल्या यूसीईईडी या डिझाइन प्रवेश परीक्षेचे गुण इतर काही संस्था ग्राह्य धरतात, त्यामुळे अनेक पालकांचा गैरसमज होतो.

माझ्या मते गृहविज्ञानाच्या दाराला आपल्याकडे उगाच कमी लेखले गेले. बाई दिवसातून किती वेळा वाकते, किती पावले चालते, कोणत्या फळीपर्यंत तिचा हात पोहोचतो, हे प्रश्न त्या बाजूने सर्वांत आधी गांभीर्याने विचारले गेले. आज त्यालाच एर्गोनॉमिक्स म्हणून मान मिळतो.

आता अभ्यासाकडे वळते. पहिल्या वर्षी चांगल्या महाविद्यालयात मुलांना एखादी खरी खोली मोजून कागदावर उतरवायला लावतात. ऐकायला हे फार सोपे वाटते. दहा बाय बाराची खोली आहे, चार भिंती मोजल्या, चौकोन काढला, झाले. मी पहिल्या दिवशी मुलांना हेच करू देते आणि मग विचारते, कर्ण मोजलात का? दहा बाय बाराच्या खोलीचा कर्ण साधारण पंधरा फूट साडेसात इंच यायला हवा, आणि दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत. प्रत्यक्षात ते क्वचितच सारखे येतात. दोन कर्णांत दीड इंचाचा फरक असेल, तर दहा फुटी भिंत आपल्या काटकोनापासून जवळजवळ एक इंच सरकलेली असते. भिंतीलगत उभे केलेले कपाट एका टोकाला चिकटते आणि दुसऱ्या टोकाला बोटभर फट राहते ती यामुळेच. गवंडी गुण्या लावून कोपरा तपासतात, मोठ्या जागेत तीन-चार-पाचच्या हिशेबाने (बाजू तीन आणि चार, तर काटकोनात कर्ण पाच) दोरी धरतात, भिंतीला ओळंबा लावतात. मुले हे सगळे पहिल्या महिन्यात हाताने करतात, तेव्हा त्यांची नजर बदलते. चित्रातली खोली आणि विटांची खोली यांतला फरक त्यांना कळू लागतो.

गणिताच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. या अभ्यासाला कलनशास्त्र लागत नाही. अपूर्णांक, क्षेत्रफळ, प्रमाण, कर्ण आणि चोख बेरीज-वजाबाकी लागते, आणि ती रोज लागते. वाणिज्य शाखेच्या मुलीला तर एक सोय आहे : बीओक्यू, म्हणजे कामाच्या प्रत्येक बाबीचे परिमाण आणि दर मांडलेला तक्ता, तिला इतरांपेक्षा लवकर समजेल. अनेक गुणी डिझायनर याच ठिकाणी पडतात, कारण त्यांना स्वतःच्याच चित्राचा खर्च काढता येत नाही.

पहिल्या वर्षातील दुसरा एक स्वाध्याय मी कधीच सोडत नाही. घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या माणसाच्या कोपराची जमिनीपासूनची उंची मोजून आणायची आणि त्याच्याच शेजारी त्या घरातल्या ओट्याची उंची लिहायची. उभ्याने काम करायचा पृष्ठभाग साधारण कोपराच्या चार ते सहा इंच खाली असावा, असा ढोबळ नियम आहे. पाच फूट उंचीच्या बाईचा कोपर जमिनीपासून सुमारे साडेसदतीस इंचांवर येतो, म्हणजे तिचा ओटा बत्तीस-तेहतीस इंचांच्या आसपास हवा. नव्या इमारतींत तो चौतीस-पस्तीस इंचांचा सर्रास सापडतो. त्यावर शेगडीची उंची, त्यावर पातेले. म्हणजे ढवळताना तिचा खांदा वर उचललेलाच राहतो, आणि असे रोज दोन-तीन तास. भाकरी थापण्याची गोष्ट आणखी वेगळी. तिथे जोर वरून खाली लागतो, म्हणून पृष्ठभाग भाजी चिरण्याच्या उंचीपेक्षाही खाली हवा. जुन्या घरांत भाकरी बसून थापत, त्यात शरीराचे हे शहाणपण होते. एकदा सोलापूरच्या एका विद्यार्थ्याने आपल्या आजीसाठी ओट्याच्या टोकाला सहा इंच खाली उतरणारा एक तुकडा काढला, भाकरीपुरता. त्या आराखड्यात दुसरे काहीही नवे नव्हते, तरी त्या वर्षीचे सर्वांत चांगले काम मी तेच मानले. भारतीय माणसांच्या शरीराच्या मापांचे संकलन एनआयडीने १९९७ मध्ये प्रसिद्ध केले आहे. परदेशी पुस्तकांतील मापे डोळे झाकून वापरण्याचे कारण त्यामुळे उरलेले नाही, आणि ज्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात असे संदर्भ हाताळून मळलेले दिसतात, ते महाविद्यालय मला आवडते.

दुसऱ्या वर्षी साहित्य येते. प्लायवूडची आठ बाय चारची शीट म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. कपाटाची खोली ६०० मिलिमीटर धरली, तर एका शीटच्या रुंदीत दोन पट्ट्या बसतात आणि करवतीच्या पात्यात जाणारे तीनेक मिलिमीटर धरूनही थोडे उरते. तेच कपाट कोणी ६२५ खोलीचे काढले, की शीटमधून एकच पट्टी निघते आणि जवळजवळ निम्मी शीट कापून बाजूला पडते. कागदावर २५ मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. ग्राहकाला मात्र तो कित्येक शीटच्या पैशांत भोगावा लागतो. ओल्या जागेसाठी भारतीय मानक ७१० चे मरीन प्लाय का मागायचे, त्याचा चिकटपणा बहात्तर तास उकळत्या पाण्यात तपासला जातो म्हणजे काय, साध्या कोरड्या कपाटाला तो खर्च का नको, आणि कडेला सागवानी पट्टी मारायची की एज बँड, म्हणजे कडेवर चिकटवायची पातळ तयार पट्टी, लावायचा, हे सगळे वर्गात ऐकून कळत नाही. त्यासाठी वर्कशॉप लागते. स्वतः एक साधा सांधा कापून तो सैल बसल्याचा अनुभव घेतलेला विद्यार्थी पुढे सुताराशी आदराने बोलतो.

आणि सुताराची भाषा शिकावी लागते. महाविद्यालयात सगळे मिलिमीटरमध्ये चालते आणि तसेच चालले पाहिजे. साइटवर मात्र इंच आणि सूत चालते. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरपेक्षा किंचित मोठे. अठरा-एकोणीसचे प्लाय ‘पाऊण इंची’, बाराचे ‘अर्धा इंची’, सहाचे ‘पाव इंची’. मिस्त्री म्हणाला, “मॅडम, दोन सूत कमी पडतंय,” तर ते किती आणि त्याने काय अडणार आहे, हे त्याच क्षणी डोक्यात यायला हवे. ड्रॉवरच्या चॅनलला दोन्ही बाजूंनी मिळून साधारण एक इंच जागा लागते. तिथे दोन सूत कमी पडले, तर ड्रॉवर बसणारच नाही. तेच दोन सूत लॉफ्टच्या वर कमी पडले, तर पट्टी मारून झाकता येतात. कोणत्या ठिकाणी मापाला माफी आहे आणि कोणत्या ठिकाणी नाही, हे ज्ञान म्हणजे या व्यवसायातले निम्मे शहाणपण.

माझ्या पहिल्या स्वतंत्र कामाचा अनुभव सांगते. आठव्या मजल्यावरचा फ्लॅट होता, माझी चित्रे नेटकी होती, खर्चही मी काळजीपूर्वक काढला होता. पहिल्या दिवशी प्लायचा ट्रक आला तेव्हा कळले की, आठ फुटी शीट त्या लिफ्टमध्ये कोणत्याही बाजूने शिरत नाही. बत्तीस शीट चार माणसांनी जिन्याने वर नेल्या, दुसऱ्या मजल्यानंतर त्यांनी जास्तीची मजुरी मागितली आणि ती मागणी पूर्णपणे रास्त होती. ग्राहकाकडे ते पैसे मागण्याचे माझे धाडस झाले नाही, ते माझ्या फीमधून गेले. माल कुठून वर जाणार, राडारोडा कुठून खाली येणार आणि सोसायटी कामाला कोणत्या वेळा देते, हे प्रश्न तेव्हापासून मी विद्यार्थ्यांच्या प्रत्येक प्रकल्पात विचारते.

तिसरे वर्ष सर्वांत जड असते, कारण तिथे न दिसणाऱ्या गोष्टी येतात : वीज, पाणी, वातानुकूलन, आग. कॉलम आणि बीम यांना हात लावायचा नाही, हे वाक्य सगळ्यांना पाठ असते. पण संडासाची जागा दोन फूट सरकवायची म्हटली, तर खालच्या घराच्या छतावर काय परिणाम होईल, बुडीत स्लॅब, म्हणजे संडास-न्हाणीघराखालचा खाली उतरवलेला स्लॅब, कुठे संपतो, पाण्याला उतार मिळेल का, हे समजायला छेदचित्र, म्हणजे इमारत उभी कापली तर आत काय दिसेल त्याचे चित्र, काढता यावे लागते. फॉल्स सीलिंग म्हणजे नक्षी असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्या आठ-नऊ इंचांत एसीचे पाइप, त्याच्या पाण्याचा निचरा, तारा आणि दिवे एकमेकांना न अडवता बसवायचे असतात. दुकान, दवाखाना किंवा कार्यालय करायचे असेल, तर २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेतील अग्निसुरक्षेचा चौथा भाग वाचावाच लागतो : बाहेर पडण्याची वाट किती रुंद, दार कोणत्या बाजूला उघडणार, आतले साहित्य पेट घेते तेव्हा किती धूर सोडते. सुंदर लाकडी पॅनेलने अग्निशमनाचा नळ झाकलेला मी पाहिला आहे. आगीच्या वेळी तिथे माणसे असतील, म्हणून या भागात मी कोणाला सवलतीचे गुण देत नाही.

चार वर्षांचा काळ का लागतो, याचे उत्तर यात येऊन गेले असे मला वाटते. वर्षभराच्या अभ्यासक्रमात सॉफ्टवेअर, थोडे ड्रॉइंग आणि साहित्याची ओळख होते. चूक करून ती सुधारायला वेळ मिळत नाही. पदवीत एकच आराखडा सहा-सहा वेळा काढावा लागतो. ज्युरीच्या दिवशी बाहेरून आलेले दोन-तीन व्यावसायिक सगळ्यांसमोर प्रश्न विचारतात, रात्रभर जागून केलेले मॉडेल बाजूला ठेवायला सांगतात आणि मुलगी घरी फोन करून रडते. हे जवळजवळ प्रत्येकाच्या घरी होते, तेव्हा आपण घाबरू नये. मात्र ज्युरीने कामावर टीका करावी. माणसावर, त्याच्या भाषेवर, कपड्यांवर किंवा गावावर टीका झाली तर ती सहन करू नये आणि विभागप्रमुखांकडे लेखी कळवावे.

भाषेचा विषय निघालाच आहे, तर तोही बोलते. मराठी माध्यमातून आलेल्या मुली पहिल्या वर्षी इंग्रजीत मांडणी करताना अडखळतात आणि आपल्याला विषयच येत नाही असे समजून बसतात. माझ्या वर्गात कोणीही मराठीत किंवा हिंदीत मांडणी केली तर चालते, कारण मला आराखड्यामागचा विचार ऐकायचा असतो. सगळीकडे असे नसेल. म्हणून पहिल्या दिवसापासून नव्या शब्दांची एक वही ठेवावी, वर्षभरात ही अडचण बरीचशी सरते. उलट गावाकडच्या मुलींकडे एक ठेवा असतो, ज्याची त्यांना कल्पना नसते. पडवी, माजघर, कोनाडा, फडताळ, माळा या गोष्टी त्यांनी वापरलेल्या असतात. वाड्यातल्या खोलीचे माप खणांत सांगत; दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण, आणि ‘दोन खणी’, ‘तीन खणी’ म्हटले की घरातल्या प्रत्येकाला जागेचा अंदाज येई. मी दरवर्षी मुलांना बाजीराव रस्त्यावरच्या विश्रामबागवाड्यात नेते आणि खांबांमधली अंतरे मोजायला लावते. मॉड्यूल, म्हणजे रचनेत पुन्हा पुन्हा येणारे ठरावीक माप, हा शब्द पुस्तकात वाचण्याआधी त्यांनी तो असा हाताने मोजलेला बरा. मुंबईच्या बीडीडी चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोल्यांत अख्खी कुटुंबे कशी राहिली, दिवसा बैठक असलेली जागा रात्री कशी अंथरुणाची होत गेली, हाही लहान घरांच्या रचनेचा मोठा पाठ आहे. आपल्या राहणीत पिढ्यान्‌पिढ्या साठलेले हे ज्ञान अभ्यासक्रमात यावे यासाठी मी आग्रह धरत आले आहे.

साइटवर मुलीला जमेल का? जमते. सुरुवातीला काही कारागीर तिच्याशी न बोलता तिच्या सोबतच्या मुलाशी बोलतात, हे खरे आहे. पण ज्या दिवशी ती टेप काढून सांगते की ही चौकट वर तीन सूत झुकली आहे आणि ओळंबा लावल्यावर ते खरे निघते, त्या दिवसापासून चित्र बदलते. माझे अनेक मिस्त्री गेली वीस वर्षे माझ्याबरोबर आहेत आणि त्यांनी मला जे शिकवले ते कोणत्याही पुस्तकात नव्हते. सुरक्षेच्या बाबतीत मात्र तडजोड करू नये : पायात बंद बूट, संध्याकाळनंतर रिकाम्या इमारतीत एकटीने थांबायचे नाही, आणि इंटर्नशिप देणाऱ्या कार्यालयाने साइटवर येण्या-जाण्याची सोय कशी केली आहे हे आधी विचारून घ्यायचे.

खर्चाचा हिशेब करताना केवळ फी धरू नका. चांगला लॅपटॉप, मॉडेलसाठी माउंट बोर्ड आणि सनबोर्ड, दर ज्युरीच्या आधीच्या मोठ्या प्रिंट, अभ्यास सहली, आणि पुण्या-मुंबईत राहण्याचा खर्च यांची बेरीज दर सत्राला बोचते. सॉफ्टवेअर शिकवण्यासाठी वेगळे महागडे वर्ग लावण्याची घाई करू नये. ऑटोकॅड आणि स्केचअप ती महाविद्यालयातच शिकेल, आणि आज वापरातले सॉफ्टवेअर ती पदवी घेईपर्यंत बदललेलेही असेल. कमाईबद्दलही आपल्याला अंधारात ठेवणार नाही. पदवीनंतरची पहिली दोन-तीन वर्षे एखाद्या कार्यालयात कमी पगारावर जातात. पण वर्किंग ड्रॉइंग, म्हणजे कारागिराला ज्यावरून काम करता येईल अशी मापांसह चित्रे, चोख काढणाऱ्या आणि साइट सांभाळणाऱ्या मुलीला काम शोधत फिरावे लागत नाही. मी स्वतः माणूस निवडताना रंगीत चित्रे शेवटी पाहते. आधी एखाद्या कपाटाचे किंवा दाराचे बारकाव्यांचे चित्र मागते आणि बिजागरी कुठे बसणार हे विचारते.

महाविद्यालय निवडताना माहितीपत्रकावर विसंबू नका, मुलीला घेऊन प्रत्यक्ष जा. वर्कशॉप उघडून दाखवा म्हणावे. यंत्रांवर भुसा दिसला तर चांगले. यंत्रे प्लास्टिकखाली झाकलेली असतील तर ती वापरात नाहीत. साहित्याची खोली आहे का, तिथे नमुने हाताळता येतात का ते पाहा. शिकवणाऱ्यांपैकी किती जण स्वतः व्यवसाय करतात आणि किती जण पूर्ण वेळ तिथे असतात, हे दोन्ही विचारा, कारण दोन्ही प्रकारची माणसे लागतात. वार्षिक प्रदर्शन असेल तेव्हा गेलात तर अधिक चांगले : भिंतीवर लावलेल्या रंगीत चित्रांसमोर थांबू नका, तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला त्याचे वर्किंग ड्रॉइंग दाखवायला सांगा आणि त्याने ते कितीदा बदलले ते विचारा. उत्तर देताना त्याचे डोळे चमकले तर प्रवेश घ्यायला हरकत नाही.

प्रवेश प्रक्रिया संपेपर्यंत आपल्या हातात काही आठवडे आहेत. प्रवेशाच्या चाचण्यांत बहुधा कल्पनाचित्र, वस्तुचित्र आणि हाताने काही घडवण्याची परीक्षा असते; इंटरमिजिएटच्या सरावाचा तिला तिथे उपयोग होईल, पण तेवढ्यावर भागणार नाही. तिला एक पाच मीटरचा टेप आणून द्या आणि आपलेच घर मोजायला सांगा. स्वयंपाकघरापासून सुरुवात करू द्या : ओटा, खिडकीची पडदी, मांडणीची प्रत्येक फळी, दाराची चौकट, दोन्ही कर्ण. मग सकाळी सहा ते नऊ या वेळात आई त्या खोलीत कुठून कुठे जाते, याच्या रेघा त्याच कागदावर काढू द्या. कागद काळा होईल. तो तसाच मुलाखतीला घेऊन जावा, रंगवू नये.